स्क्रीनवर वीज चालू होती

बाबांना मोर्चात येता येत नव्हतं, म्हणून आमच्या आंदोलनाची पोस्टरं चिकटवायची खळ ते करायचे. म्हणजे शिजवायची आई. नाकात ऑक्सिजनची नळी असलेल्या माणसानं पेटत्या गॅसपाशी जायचं नसतं. त्यामुळे बाबा पुढच्या खोलीतल्या पलंगावरून हुकूम सोडायचे आणि आई पातेल्यात मैदा ढवळत ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

"मोरचूद टाकलं काय?"

"टाकलं."

"गाठी नको होऊ देऊ."

"तुम्ही श्वास घ्या. गाठींचं मी बघते."

तयार खळीचा थेंब मी वाटीतून त्यांच्याकडे न्यायची. ते तो अंगठ्यात आणि बोटात धरून ताणून बघायचे. यवतमाळकडून ऐन तारुण्यात पुण्याला आलेला माणूस. भोसरीच्या एका फाउंड्रीत लागला आणि युनियनची पोस्टरं चिकटवत शहर पाठ झालं. फुफ्फुसं त्या फाउंड्रीनं खाल्ली, पण खळीची पारख बोटांत शिल्लक होती. "भिंत पडन, पन हा कागद नाही निघनार," असं म्हणाले की खळ पास.

आंदोलन नव्या वीजमीटरविरुद्ध होतं. जुना मीटर भिंतीवर बसून मुकाट मोजायचा. नवा मीटर बोलतो. त्यात रेडिओ असतो. आमच्या मीटरचा निरोप शेजारच्या मीटरकडे जातो, तिथून पुढच्याकडे, असं करत खांबावरच्या पेटीपर्यंत, आणि पेटीतून मोबाइलच्या जाळ्यावरून कुठल्या तरी सर्व्हरवर. उलट दिशेनंही निरोप तसाच येतो. त्या निरोपात 'बंद हो' असं असेल तर मीटर बंद होतो. माणूस यावा लागत नाही, शिडी लागत नाही, दारावर टकटक करावी लागत नाही. म्हणजे ज्याच्याशी भांडायचं तो माणूसच या व्यवहारातून काढून टाकलेला आहे, आणि याला सुधारणा म्हणतात.

पत्रक मी लिहिलं होतं. "तुमच्या घराचा खटका यापुढे तुमच्या घरात नसेल." हे वाक्य मला फार आवडायचं. मंडईत, भाजीच्या पिशव्या सांभाळत निघालेल्या बायकांच्या हातात कागद देताना मी ते मोठ्यानं म्हणायची. बायका थांबायच्या, चेहरे बदलायचे, सह्या व्हायच्या. लोकांना घाबरवणं हे आमचं कामच होतं आणि त्यात मला आजही काही गैर वाटत नाही. घाबरण्यासारखंच होतं ते. फक्त तेव्हा भीती हा माझ्यासाठी एक मुद्दा होता. दुसऱ्या परिच्छेदात यायचा, ठळक अक्षरात.

मीटरवर कागद चिकटवायची कल्पना बाबांची. "आमच्या लेखी परवानगीशिवाय या मीटरला हात लावू नये" एवढा मजकूर, आणि तो नेमका काचेवर, आकडे दिसतात तिथं. येणाऱ्या माणसाला आधी आपलं म्हणणं वाचावंच लागलं पाहिजे. गल्लीत घरोघरी तो लागला. आमचा भाग म्हणजे विश्रांतवाडीच्या पुढं, आळंदी रस्त्यापासून आत, गुंठेवारीत उभी राहिलेली दोन-दोन मजली घरं. आमच्या घरात खालचा मजला आमचा, वरचा एका काकूंचा. दोन्ही मीटर जिन्याखाली एका फळीवर, शेजारी शेजारी. दोन्हीवर कागद लागला.

कागद लावू दिला नाही तो फक्त भिंतीपलीकडच्या काकांनी. निवृत्त, नीटनेटके, आणि नव्या मीटरचे गल्लीतले एकमेव चाहते. त्यांच्या फोनमध्ये ॲप होतं. कालच्यापेक्षा आज गिझर किती चालला, हे ते सकाळी कुंपणावरून आईला सांगायचे.

मी खळीचा डबा घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "माझ्या मीटरवर काही चिकटवायचं नाही. क्रांती करायची असेल तर आपल्या भिंतीवर करा."

"काका, उद्या तिकडे बसून कुणी तुमची वीज बंद केली तर?"

"तिकडे बसलेल्याला माझ्याशी काय वैर? वैर करायला ओळख लागते."

मग एका दुपारी मीटर बसवणारी ठेक्यावरची माणसं आलीच. मी घरी नव्हते. गल्ली बहुतेक सगळी कामाला गेलेली. आईनं सांगितलं ते असं : कागद नखानं निघेना, पाण्यानं निघेना, म्हणून त्यांनी जुने मीटर कागदासकट उचकटले आणि दोन्ही पोत्यात टाकले. कुठला मीटर कुणाचा ते सांगणारा नंबर कागदाखाली होता, तो वाचायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. नव्या मीटरचे फोटो काढले, मोबाइलमध्ये काही भरलं आणि पुढच्या घरी गेले. मी संध्याकाळी येऊन आरडाओरडा केला, निषेधाचं पत्र दिलं. पत्राची पोच मिळाली. आमच्याकडे पोच नेहमीच मिळते.

त्याच सुमारास वरच्या काकूंनी घर विकलं आणि त्या मुलाकडे राहायला गेल्या. सरळ बाई. जाताना स्वतःच्या नावावरचं वीज कनेक्शन कायमचं बंद करायचा रीतसर अर्ज करून गेल्या. नवा मालक स्वतःचं घेणार होता. तोवर वर फरशी बदलायचं काम काढलेलं.

आणि मग तो गुरुवार.

पुण्यात राहणाऱ्याला गुरुवारचं वेगळं सांगायला नको. गुरुवारी वीज जाते. दुरुस्तीची कामं असतात, सकाळी जाते, दुपार कलली की येते. पुण्यातली बाई गुरुवारी सकाळी लवकर टाकी भरते, मिक्सर लावून घेते आणि वीज गेली की कुणालाही फोन करत नाही. चिडत नाही, विचारत नाही. गुरुवार आहे, एवढं उत्तर पुरतं. आमच्या घरात तर गुरुवारची वेगळी तयारी असायची. बाबांचं मशीन म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र. ते विजेवर चालतं. वीज गेली की ते किंचाळतं, मग आई पलंगाखालचा सिलिंडर पुढं ओढते, नळी बदलते, चावी फिरवते. सिलिंडर गुरुवार काढण्यापुरता असायचा. त्याहून जास्त नाही.

त्या दिवशी मी बुधवार पेठेत होते. आमचा हातातला भोंगा बिघडला होता, तो दुरुस्त करून घ्यायला गेले होते. दुकानदारानं त्यात तोंड घालून "हॅलो, हॅलो" केलं, सगळं दुकान दचकलं आणि तो म्हणाला, "घ्या. आता सरकार पडतंय." मी खुशीत बसनं परत आले. गल्लीत वळताना वरच्या मजल्यावर फरशी कापायचं कटर कर्कश वाजत होतं. कपाळाला आठी घालून मी दार ढकललं.

आत पंखा बंद होता. आई पुठ्ठ्यानं बाबांना वारा घालत होती. बाबांची नळी सिलिंडरला लावलेली होती.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? गुरुवार आहे," आई म्हणाली. "आज लवकरच गेली मेली. येईल आता."

डोक्यावर कटर वाजत होतं.

ते मला नीट लक्षात यायला एक श्वास गेला असेल. कटर विजेवर चालतं. वर वीज होती. म्हणजे गल्लीत वीज होती, पुण्यात वीज होती. गुरुवार फक्त आमच्याच घरात होता. आई सकाळपासून, कुणालाही न विचारता, ज्याची वाट बघत होती ते येणारच नव्हतं. मी खाली वाकून सिलिंडरचा काटा पाहिला. तो लाल पट्ट्यात शिरला होता.

पायाखालची जमीन वगैरे मी पत्रकात लिहिलेलं आहे. तसं काही होत नाही. आधी हात गार पडतात.

जिन्याखाली धावले. दोन्ही मीटर जागे होते. दोन्हीवर बारका दिवा लुकलुकत होता, आकडे सरकत होते. आमचा मीटर जिवंत होता आणि त्याच्या पलीकडचं घर मेलेलं होतं. पूर्वी फ्यूज उडाला की वायरमन येऊन तार गुंडाळायचा आणि चहा पिऊन जायचा. इथं तार नव्हती, फ्यूज नव्हता. सील लावलेला एक पांढरा डबा होता, आणि त्याला कुणीतरी काहीतरी सांगितलं होतं.

मी तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. बटणं दाबली, भाषा निवडली, संगीत ऐकलं. ते संगीत चालू असताना मी पहिल्यांदा देवाचं नाव घेतलं. आमच्या संघटनेत हे कुणाला सांगितलेलं नाही.

एका मुलीचा आवाज आला. माझ्याहून लहान असावी. मी ग्राहक क्रमांक सांगितला.

"मॅडम, आपला पुरवठा चालू आहे."

"बंद आहे. मी घरात उभी आहे."

"सिस्टीमला चालू दाखवतंय, मॅडम. आपण घरातला मेन स्विच एकदा चेक..."

"केला. अहो, माझ्या वडिलांचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर आहे. सिलिंडर संपत आलाय."

"मॅडम, मी मीटरला आत्ताच परत विचारलं. पुरवठा चालू आहे आणि लोडही दिसतोय. चांगला जास्त लोड आहे आपल्याकडे."

भांडायची मला सवय आहे. इंजिनिअरशी, नगरसेवकाशी, पोलिसाशी भांडले आहे. समोरचा खोटं बोलतो तेव्हा मला बळ येतं. ही मुलगी खोटं बोलत नव्हती. तिच्यासमोर खरोखरच वीज चालू होती. तिच्या स्क्रीनवर आमच्या घरात पंखा फिरत होता, बाबांचं मशीन घरघरत होतं, सगळं छान चाललं होतं. त्या घरातून मला बाहेर कसं पडायचं ते कळेना.

फोन तसाच चालू ठेवून मी जिना चढले. वर एक मिस्त्री तोंडाला फडकं बांधून कटर चालवत होता. पांढऱ्या धुळीत फक्त त्याचे डोळे दिसत होते.

"भैया, लाइट दो. नीचे ऑक्सिजन की मशीन है, बंद पड़ी है."

त्यानं एक प्रश्न विचारला नाही. कटरची पिन उपसली, बोर्डाची लांब वायर गुंडाळत खिडकीशी गेला आणि म्हणाला, "आप नीचे जाओ दीदी, पकड़ो." मी खाली पोचेपर्यंत बोर्ड आमच्या खिडकीसमोर लोंबकळत होता. आईनं गजांतून हात घालून तो आत ओढला. पिन लावली. मशीन एकदा किंचाळलं आणि घरघरायला लागलं.

आईनं नळी सिलिंडरवरून काढून मशीनला लावली आणि बाबांनी डोळे मिटले. मी फोन कानाला लावला. मुलगी अजून होती.

"मॅडम, लाइनवर आहात? आत्ता बघा, लोड एकदम कमी झाला. मघाशी फार होता. आता थोडाच आहे, पण आहे."

कटर थांबलं होतं. बाबांचं मशीन वरच्या मजल्याच्या विजेवर चाललं होतं. आणि ही मुलगी तेच मला आमच्या नावावर वाचून दाखवत होती.

"ऐका," मी म्हटलं. "तुम्ही ज्याला आमचा मीटर म्हणताय तो वरच्या मजल्याचा आहे. बसवताना अदलाबदल केलीय तुमच्या माणसांनी. आमच्या नावावर वरचा, वरच्यांच्या नावावर आमचा."

पलीकडे कळफलकाचा आवाज. मग ती हळू म्हणाली, "बरोबर आहे, मॅडम. वरच्या कनेक्शनची कायम बंद करायची रिक्वेस्ट आज सकाळीच पूर्ण झालीय."

काकूंचा अर्ज. सरळ बाईचा सरळ अर्ज कुठून कुठं फिरत आला, खांबावरच्या पेटीतून, या मीटरकडून त्या मीटरकडे, आणि बरोबर चुकीच्या जागी पोचला. सकाळी आई भाजी चिरत होती. फळीवर खट झालं असेल. कुणी ऐकलं नाही.

मी बाबांना सांगितलं. आजारी माणसाला सांगू नये म्हणतात, पण त्यांच्यापासून काही लपवायची आमच्यात रीत नव्हती. त्यांनी ऐकलं, आणि नळीच्या वर त्यांचे डोळे हसले.

"म्हंजे आपली खळच पक्की निघाली म्हन."

"तुमची खळ नाही, त्यांचा हलगर्जीपणा," मी ओरडले. "नंबर न वाचता मीटर लावतात का कुठं?"

"चिडू नको माय. पन कागद नाही निघाला, हे तर..." पुढं त्यांना हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला. तो खोकला थांबेना. आई पाठ चोळत राहिली. त्यांचे ओठ जांभळट झाले, मग हळूहळू परत माणसाच्या रंगाचे. मी फोन हातात धरून उभी होते.

फोनमधून मुलगी म्हणाली, "मॅडम, काळजी करू नका, मी दुरुस्ती टाकलीय. दोन्ही मीटरची नावं बदलतील आता."

मी "थँक यू" म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. आणि मग मला कळलं.

"थांबा. नावं बदलली की वरच्या मीटरचं काय होणार?"

"वरचं कनेक्शन बंद करायचंय ना, मॅडम. तो हुकूम आपोआप बरोबर मीटरला जाईल."

"अहो, माझे वडील आत्ता त्याच मीटरवर आहेत! वरूनच वायर घेतलीय आम्ही!"

पलीकडे कळफलक भराभर वाजायला लागला.

"मागे घ्या ती दुरुस्ती."

"मॅडम, माझ्याकडून पुढे गेली. मला आता ती उघडताच येत नाहीये."

"मग आमचा आधी चालू करा."

"त्याला साहेबांची मंजुरी लागते. मी पाठवलंय. अर्जंट लिहिलंय."

हे नीट वाचा. बंद करायला कुणाची मंजुरी लागत नाही, ते आपोआप होतं. चालू करायला साहेब लागतो. ही गोष्ट कुणीतरी खुर्चीत बसून, चहा पिता पिता, ठरवलेली आहे. आमच्या कुठल्याच पत्रकात मी हे लिहिलं नव्हतं, कारण एवढं वाईट माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"कधी होईल बंद?"

"सांगता येत नाही, मॅडम. निरोप पोचला की लगेच. कधी लगेच पोचतो, कधी नेटवर्कला वेळ लागतो." मग तिचा आवाज एकदम साधा झाला. "ताई, दुसरीकडून वायर घ्या ना. आत्ताच घ्या. मी फोन ठेवत नाही."

मी बाहेर धावले. समोरच्या घराला कुलूप. त्याच्या पलीकडच्या घराला कुलूप. सगळी गल्ली कामाला गेलेली. उरले भिंतीपलीकडचे काका. कुंपणाशी उभी राहून मी हाक मारली आणि माझाच आवाज मला ओळखू आला नाही. इतक्या वर्षांत मी कुणाला तशी हाक मारलेली नव्हती. हाक म्हणजे आमच्याकडे घोषणा असते. ही घोषणा नव्हती.

काका बनियनवर बाहेर आले. काय झालं ते मी जमेल तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे तुमची वीज बंद करायचा हुकूम माझ्या मीटरमधून तुमच्याकडे गेला?"

"तसाच गेला असणार. तुमचा मीटर मधेच आहे."

"मला विचारायला हवं होतं," ते म्हणाले, आणि आत गेले. मला वाटलं, संपलं. आता हे ॲप उघडून बघत बसतील. पण आतून स्टूल ओढल्याचा आवाज आला, माळ्यावरून डबे पडल्याचा आवाज आला, आणि काका दिवाळीच्या माळांचा लांब बोर्ड घेऊन धापा टाकत बाहेर आले. वायरीला अजून चमकीचा कागद चिकटलेला होता. कुंपणावरून, आमच्या तुळशीवरून, खिडकीतून तो बोर्ड आत आला.

आता पलंगापाशी दोन बोर्ड होते. मी म्हटलं, आत्ताच बदलू. आई म्हणाली, "थांब. पिन काढली की मशीन बंद, परत सुरू झालं तरी त्यातून धड ऑक्सिजन यायला वेळ लागतो. आत्ताच खोकलून बसलेत. जरा दम धरू दे." पाहिलं तर ते खरंच होतं. त्यांची छाती अजून भात्यासारखी चालली होती. सिलिंडरमध्ये काय उरलंय ते काटा सांगत नव्हता. तो लाल पट्ट्याच्या टोकाला टेकून बसला होता.

म्हणून आम्ही थांबलो. आई पिनेवर हात ठेवून. मी सिलिंडरच्या चावीवर हात ठेवून. काका दारात. वरच्या जिन्यावर मिस्त्री, हातात काहीच काम नसलेला. फोन जमिनीवर, स्पीकरवर. पलीकडून दुसऱ्या कुणाच्या तरी तक्रारी ऐकू येत होत्या.

कशाची वाट बघत होतो? हवेतून येणाऱ्या एका निरोपाची. तो कुठं आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. सर्व्हरवर की खांबावर की शेजारच्या मीटरमध्ये. त्याला अडवायचं म्हटलं तर कशापुढं आडवं पडायचं? आयुष्यभर आम्हाला शिकवलेलं की रस्त्यात बसा, दार अडवा, गाडीसमोर उभे राहा. बाबा एकदा ट्रकसमोर झोपले होते. ट्रक दिसतो.

"काय होऊन राहिलं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. वीज जाईल कदाचित. आमची तयारी आहे."

"काही नाही तर तू चावी काऊन धरून बसली?"

मी हात चावीवरून काढला नाही.

आणि ती गेली. आवाजसुद्धा झाला नाही. घरघर तुटली आणि मशीन किंचाळलं. आईनं पिन उपसली, काकांच्या बोर्डात घातली, तिची पिन तिरकी गेली, परत काढली, परत घातली. मी नळी सिलिंडरला जोडून चावी फिरवली. बारीक फुस्स झालं, एवढंच. बाबांनी माझं मनगट धरलं. त्यांचे डोळे माझ्यावर होते आणि त्यांत प्रश्नही नव्हता, फक्त उघडे होते. फाउंड्रीला, मालकाला, पोलिसाला न भ्यालेला माणूस. त्याला भ्यालेला मी त्या दिवशी पाहिला, आणि तो भ्यालेला आहे हे त्यालाही माझ्यापासून लपवता येत नव्हतं.

मशीन घरघरायला लागलं. आईनं नळी परत मशीनला लावली. नाकाशी हात धरून तिनं वारा येतोय का ते पाहिलं. मग आम्ही तिघं त्यांच्या छातीकडे बघत राहिलो. वर, खाली. वर, खाली. त्यांची माझ्या मनगटावरची पकड सैल व्हायला फार वेळ लागला.

"चालू झालं का?" फोनमधून मुलीनं विचारलं. "ताई? बाबा ठीक आहेत का?"

"आहेत," काका फोनकडे वाकून म्हणाले. "तुमच्या सिस्टीमला मात्र कळवू नका. ती परत काहीतरी करेल."

वायरमन ऊन उतरल्यावर आला. धानोरीकडचा माणूस, आम्हाला लहानपणापासून ओळखणारा. त्यानं मीटरकडे पाहिलं, सीलकडे पाहिलं आणि हात पाठीमागे बांधले.

"याला म्या हात लावला तर माझी नोकरी जाती, ताई. वरनं चालू झाला तरच हुईल."

"मग तुम्ही कशाला आलात?"

"बघायला पाठिवलंय. फोटू काढायचा हाय." फोटो काढून झाल्यावर, जरा घुटमळून, तो म्हणाला, "कागुद तुमीच लावला व्हता न्हवं काचंवर? नंबर दिसला न्हाय म्हनत्यात पोरं."

"कागद वाचायला लावला होता. उपटून पोत्यात भरायला नाही."

त्यानं मोबाइल खिशात टाकला. त्याच्याशी भांडून उपयोग नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. आम्ही फळीसमोर नुसते उभे राहिलो. आणि थोड्या वेळानं, कुणीही काहीही न करता, आमच्या मीटरमध्ये खट झालं. आत पंखा फिरायला लागल्याचा आवाज आला. कुठल्या तरी साहेबानं मंजुरी दिली होती. त्याला मी कधी पाहिलं नाही.

"आता परत नाही ना जाणार?" मी वायरमनला विचारलं.

"मला काय म्हाईत, ताई? निरोप मला येत न्हाय. मीटरला येतो."

आत गेले तर बाबा उशीला टेकून बसले होते. रंग परतला होता.

"आता आपल्या खटक्यावर लाव," ते म्हणाले. "दुसऱ्याची लाइट कायले जाळाची?"

काका बोर्ड न्यायला थांबलेच होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला. "माझी घाई नाही. दिवाळीला लागेल."

"लाव म्हटलं ना," बाबा म्हणाले. "घर आपलं हाय. लाइट आली ना आपली?"

"आली."

"मंग? आता नाही ना जात?"

मी त्यांची मुलगी. पुराव्याशिवाय एक वाक्य लिहायचं नाही, हे मला त्यांनीच शिकवलेलं. वायरमनला माहीत नव्हतं, फोनवरच्या मुलीला माहीत नव्हतं, आणि तिच्या स्क्रीनवर जे असेल ते खरं असेलच असं नव्हतं.

"नाही जात," मी म्हटलं. "पक्कं."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. त्यांना झोप लागेपर्यंत मी पलंगाच्या कडेला बसून राहिले. मशीन काकांच्याच बोर्डावर चालू होतं. कुंपणावरची ती वायर मी त्या दिवशी काढली नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही.